पंक्तिप्रपंच

माझी नणंद माझ्याच हाताखाली कामाला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हिची चंगळ आहे. घरी त्या थोरल्या, म्हणजे त्या म्हणतील ती पूर्व दिशा. प्रयोगशाळेत मी वरची, म्हणजे तिथं माझी पूर्व. घरचं उसनं तिथं फेडून घेता येईल, असं एकदोघींनी मला डोळा मारून सांगितलंसुद्धा. प्रत्यक्षात झालं काय, तर मला दोन्हीकडे सासर झालं. घरी वन्सं माझ्या डब्यांच्या जागा बदलायच्या आणि प्रयोगशाळेत माझ्या बरण्यांच्या.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कारखाने नवी नवी रसायनं बनवतात आणि ती शेवटी कुठल्या ना कुठल्या पाण्यात जातात. जाण्याआधी पाण्यातल्या जिवांचं त्यांनी काय होईल, ते आम्ही बघतो. त्यासाठी आम्ही पाणपिसवा पाळतो. टाचणीच्या डोक्याएवढा जीव, पाण्यात टुणटुण उड्या मारत फिरतो म्हणून नाव पिसू. चावत बिवत नाही. अंगानं काचेसारखा. भिंगाखाली धरला की आत धडधडणारं काळीज दिसतं, पाठीच्या पिशवीतली अंडी दिसतात, आणि मघाशी काय खाल्लं तेही दिसतं. लपवाछपवीला जागाच नाही. माणसं अशी असती तर माझी निम्मी भांडणं झाली नसती.

वन्संकडे पाळलेल्या पिसवांचं काम होतं. मोठ्या बरण्या धुवायच्या, पाणी बदलायचं आणि रोज हिरवं पाणी घालायचं. हिरवं पाणी म्हणजे बारीक शेवाळ्याचं पाणी, पिसवांचं जेवण. त्या कामात वन्संना नावं ठेवायला मला कधी जागा सापडली नाही, आणि मी शोधली नाही असं नाही. पिसवांशी त्या बोलायच्या. “आज हिचं काही खरं नाही, जेवत नाहीये बघ नीट,” असं मला बोलावून सांगायच्या. मी म्हणायचे, “वन्सं, त्या हजार आहेत. त्यातली ही कोण?” तर म्हणायच्या, “तुला एकच नवरा आहे, त्याचं तरी कुठं कळतं तुला?”

त्यांचे यजमान गेले आणि त्या आमच्याकडे आल्या. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायच्या. सकाळी आम्ही उठायच्या आत दिवाणावरची चादर अशी ताणलेली असायची की रात्री तिथं कुणी झोपलं होतं असं वाटू नये. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. भाऊ सख्खा असला तरी घर त्याचं असतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं आणि त्यामुळेच त्या स्वयंपाकघरात जास्त जोर करायच्या. मला तेव्हा ते कळत नव्हतं. मला फक्त एवढंच कळायचं की माझी गाळणी पुन्हा सापडत नाहीये.

मी त्यांना नोकरी लावून दिली ती काही नुसत्या प्रेमानं नाही. नोकरी पक्की झाली की त्या वेगळी खोली घेणार होत्या. मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एका बाजूनं ऊन येणारी खोली त्यांनी बघून ठेवली होती. पक्क्या नोकरीचा कागद दाखवला की खोली त्यांची, असा घरमालकिणीचा शब्द होता. पडद्यांचं माप घ्यायला म्हणून तिनं किल्लीही देऊन ठेवली होती. ती किल्ली वन्सं चष्म्याच्या घरात ठेवायच्या. माप केव्हाच घेऊन झालं होतं, पण किल्ली काही परत गेली नव्हती. मधूनच चष्म्याचं घर उघडायच्या, चष्मा न काढताच मिटायच्या. कागद मिळायला आता थोडेच दिवस राहिले होते.

आणि मग आमच्याकडे मेण आलं.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आम्ही मेण म्हणायचो, कारण दिसायला तसंच, पिवळट, चिकट, बाटलीतून बाहेर यायला कुरकुर करणारं. कापडाला लावलं की कापड भिजत नाही, म्हणून एका कारखान्याला ते हवं होतं. कापड धुतलेलं पाणी जवळच्या तलावात सोडायची त्यांना परवानगी पाहिजे होती, आणि त्या परवानगीच्या आड फक्त आमचा अहवाल होता.

आता कापड कोरडं ठेवणारी वस्तू पाण्यात विरघळेल कशाला? मेणाचं आणि पाण्याचं हाडवैर. आणि आम्ही मोजायचं काय, तर त्याचं पाण्यातलं विष! ऐकायला विनोद वाटतो, पण आमची निम्मी डोकेदुखी असल्याच चिजांची असते. नुसतं ओतलं तर वर तवंग धरतो. पिसू वर आली की त्याला चिकटते आणि मरते. मग ती विषानं मेली की चिकटून मेली? गोंदात अडकलेली माशी मेली म्हणजे गोंद विषारी, असं कुणी म्हणत नाही. म्हणून मोठ्या बाटलीत मेण आणि पाणी अगदी सावकाश ढवळत ठेवायचं, मग निवांत बसू द्यायचं, आणि बाटलीच्या बुडाशी असलेल्या तोटीतून खालचं पाणी घ्यायचं. त्या पाण्यात मेणाचं जे काही उतरलं असेल तेवढंच खरं. ते पाणी काचेच्या छोट्या पेल्यांत घालायचं, कुठं कमी, कुठं जास्त. काही पेल्यांत नुसतं साधं पाणी, तुलनेसाठी. प्रत्येकात नुकत्या जन्मलेल्या पिसवा सोडायच्या आणि दोन दिवसांनी बघायचं, कोण हलतं आणि कोण नाही.

या दोन दिवसांत त्यांना खाणं घालायचं नाही, असा नियम आहे. नियमाला कारण आहे. खाणं घातलं की रसायन खाण्याला जाऊन बसतं, मग पाण्यात किती राहिलं आणि पोटात किती गेलं याचा मेळ लागत नाही. पिसू दोन दिवस उपाशी सहज राहते. मी इतकी वर्षं हा नियम पाळला आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मुख्य प्रयोगाआधी आम्ही एक अंदाजाचा प्रयोग केला. सगळ्या पिसवा ठणठणीत. आमच्या मुख्य बाई खूश झाल्या. बाईंना सगळे मागून फूटपट्टी म्हणतात, कारण त्या प्रत्येक गोष्टीला नियम लावून बघतात आणि स्वतःलाही सोडत नाहीत. त्या म्हणाल्या, “चला, एकदा मुख्य प्रयोग झाला की सही करून टाकू.” कारखान्याचा माणूस तर फोनवर आमचे आभारच मानायला लागला होता.

मुख्य प्रयोग मी सुटीच्या आदल्या दिवशी लावला. आतल्या थंड खोलीत ट्रे ठेवला, वर कागद झाकला, आणि नेहमीची पाटी टांगली: खाणं घालू नये. सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेत एकट्या वन्संच यायच्या, बाहेरच्या बरण्यांना जेवू घालायला.

सुटी संपून मी सकाळी कागद उचलला. साध्या पाण्यातल्या पिसवा मजेत टुणटुणत होत्या. थोडं मेण असलेल्या पेल्यांत काही तळाशी पडल्या होत्या. जास्त मेण असलेल्या पेल्यांत एकही हलेना. मी पेला हलकेच फिरवून बघितला, दिवा जवळ आणला, पुन्हा फिरवला. पाण्याबरोबर त्या गोल फिरल्या आणि पाण्याबरोबरच थांबल्या.

मी आधी स्वतःवरच चिडले. वाटलं, तवंग आला असणार, मीच तोटी उघडताना घाई केली असणार. पण पाण्यावर तवंगाचा मागमूस नव्हता. मग मी एक मेलेली पिसू भिंगाखाली घेतली. तिच्या अंगातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवा दोरा ओवल्यासारखी रेघ होती. मी दुसरी घेतली. तिसरी घेतली. साध्या पाण्यातली एक जिवंत घेतली. सगळ्यांच्या पोटात हिरवं. सगळ्या जेवल्या होत्या.

बाहेर वन्सं बरण्या धूत होत्या.

“वन्सं, काल आतल्या खोलीत गेला होतात का?”

“मी कशाला जाऊ?” त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. “आतलं माझं काम आहे का? माझं काम बाहेरचं.”

“नाही, सहज विचारलं.”

“मग सहज सांगितलं मी.” आणि धुतलेलीच बरणी पुन्हा धुवायला घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते.

मी बाईंकडे गेले. जे दिसलं ते सांगितलं, फक्त वन्संचं नाव गाळलं. बाईंनी भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

“प्रयोग बिघडला,” त्या म्हणाल्या. “टाकून द्या. पुन्हा लावा.”

“पुन्हा लावला तर सगळ्या जगतील, बाई. उपाशी ठेवल्या की त्या जगतात. मेण पाण्यात राहतच नाही मुळी. ते काचेला चिकटतं, शेवाळ्याला चिकटतं. शेवाळं यांनी खाल्लं आणि मेल्या. आणि तलावात कुणी उपास करत नाही.”

“तुम्ही म्हणता ते पटतंय मला.”

“मग मोठा प्रयोग करू. रोज खाणं घालून करतात तो.”

“तो कारखान्यानं मागितलेला नाही. आपण होऊन लावायचा, तर मेणाची बाटली माझ्या कपाटात आहे आणि बिनपरवानगीचा थेंबसुद्धा मी बाहेर काढणार नाही. मोठा प्रयोग मागायचा तर मला लेखी कारण द्यावं लागेल. अंदाजाच्या प्रयोगात सगळ्या जगल्या आणि यात मेल्या, तर फरक कशाचा? त्यांचा माणूस विचारणार, खाणं कुणी घातलं, किती घातलं, सगळ्या पेल्यांत सारखं घातलं की मेणाच्या पेल्यांत ओतलं आणि साध्या पाण्यात शिंपडलं? याची उत्तरं नसतील तर त्यांच्या लेखी ही नुसती गलथान प्रयोगशाळा.”

“मी घातलं असं लिहा.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “किती घातलंत?”

मी भिंगाकडे बघायला लागले.

“केव्हा? कशानं? पहिल्या पेल्यात किती आणि शेवटच्या पेल्यात किती?” त्या म्हणाल्या. “खोटं बोलायलाही माहिती लागते. सुटीच्या दिवशी इथली किल्ली कुणाकडे असते ते मला माहीत आहे. पण त्या माणसानं स्वतः सांगितल्याशिवाय मी ते लिहिणार नाही. आणि कच्च्या नोकरीतल्या माणसानं असं केलं, तर मला त्यांना ठेवता येणार नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. उद्या दुपारपर्यंत ट्रे राहू द्या. मग ओतून टाका.”

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींच्या मधोमध मी.

खरं सांगते, गप्प बसणं माझ्या फार सोयीचं होतं. ट्रे ओतला की वन्संची नोकरी पक्की, खोली पक्की, आणि माझे डबे माझ्या जागी. मेण पास, कारखाना खूश. सुंठीवाचून खोकला गेला असता. घरी जाताना मी हा विचार अगदी शेवटपर्यंत करून बघितला. पण डोळ्यांपुढून ती हिरवी रेघ जाईना. आणि राग येत होता. मेणाचा नाही, ते बिचारं जसं आहे तसं आहे. वन्संचा. पाटी वाचता येत नव्हती का त्यांना?

संध्याकाळी वन्सं भाजी चिरत होत्या. माझ्या सुरीनं, माझ्या पाटावर. मी दार लोटलं आणि सरळ विचारलं.

“पिसवांना तुम्ही खाणं घातलंत ना?”

“नाही.”

“त्यांच्या पोटात हिरवं आहे, वन्सं. भिंगातून दिसतं.”

“असेल. आधीचं असेल.”

“आधीचं इतके तास राहत नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. तुम्हीच सांगितलंय मला, सकाळचं दुपारपर्यंत निघून जातं म्हणून.”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “तुला मला नोकरीतून काढायचंय की घरातून? एक काय ते ठरव. दोन्ही एकदम नाही जमायचं. नोकरी गेली तर मी इथंच राहणार.”

मला हसू आलं असतं, एरवी. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. माझा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, आमचं काही चाललं की तेच तेच वर्तमानपत्र पुन्हा वाचायला घेतो.

“मी कुणाला सांगणार नाही,” मी म्हणाले. “मला नुसतं कळू दे, किती घातलंत.”

“नाही घातलं म्हटलं ना एकदा!”

त्या ओरडल्या. त्या कधीच ओरडत नाहीत, टोमणे मारतात. नोकरीसाठी माणूस खोटं बोलतं, पण असं ओरडत नाही. माझा राग तिथंच ओसरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. भीतीच म्हणा. मी दार उघडून बाहेर आले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

त्या रात्री वन्सं जेवल्या नाहीत. सकाळी दिवाणावरची चादर नेहमीसारखीच ताणलेली होती.

प्रयोगशाळेत पोचल्यावर मी काही विचारलं नाही. त्यांचा हात धरला, आतल्या खोलीत नेलं आणि स्टुलावर बसवलं. भिंगाखाली मेलेली पिसू ठेवली. “बघा.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि भिंगाला डोळा लावला. मी वाट बघत राहिले. त्यांचा खांदा हलला, मग दुसरा हलला. भिंगाला डोळा लावूनच त्या रडत होत्या.

“पोट भरलेलं आहे गं,” त्या म्हणाल्या. “पोटभर जेवून मेली.”

“वन्सं.”

“पाटी वाचली होती मी. अगं, पाटी वाचली म्हणूनच घातलं.” त्यांनी डोळा बाजूला केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. “आमच्या यांच्या पलंगालाही दवाखान्यात तशीच पाटी होती. ऑपरेशन आहे, तोंडानं काही द्यायचं नाही. सकाळी होणार होतं, ते दुपारवर गेलं. दुपारचं दुसऱ्या दिवसावर. हे म्हणायचे, थोडा चहा दे. नुसते ओठ ओले कर म्हणायचे. मी म्हटलं, नाही, पाटी आहे. मी कधी कुणाचा नियम मोडलाय? दुसऱ्या दिवशी आत नेलं ते बाहेर आलेच नाहीत. माझ्याकडे शेवटचं काय मागितलं, तर चहा. आणि मी शेवटचं काय म्हटलं, तर नाही.”

हे मला माहीत नव्हतं. वन्सं घरात असताना इतके दिवस मी गाळणी शोधत होते.

“म्हणून या पिसवांना घातलं,” त्या म्हणाल्या. “एवढीएवढी पिल्लं, सुटीच्या दिवशी कुणी नाही, दिवा चालू, आणि पाटी. म्हटलं, दोन थेंबांनी काय होतंय? आणि काल सकाळी तू आतून आलीस ना, तुझं तोंड बघितलं आणि मला कळलं. आमच्या यांना नाही दिलं, तर हे गेले. पिसवांना घातलं, तर या गेल्या. माझ्या हातातच काहीतरी आहे गं. मी घातलं तरी मरतात, नाही घातलं तरी मरतात.”

म्हणजे त्या नोकरीसाठी खोटं बोलत नव्हत्या. आपल्या हातानं मेल्या, हे त्यांना तोंडातून काढवत नव्हतं.

मी साध्या पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. उजेडात धरला. पिसवा वर-खाली उड्या मारत होत्या.

“यांना घातलं होतंत?”

“घातलं की. यांना का नाही घालणार?”

“तेवढंच?”

“तेवढंच. ते काय विचारतेस?”

“मग बघा, या जिवंत आहेत. यांच्या पोटात तुमचंच जेवण आहे आणि या जिवंत आहेत. त्या तुमच्या हातानं नाही मेल्या, वन्सं. जेवणाला मेण चिकटलं होतं, त्यानं मेल्या. तुम्ही घातलं नसतंत तर आम्हाला कधी कळलंच नसतं. आम्ही सही करून मोकळ्या झालो असतो.”

त्या पेल्याकडे बघत राहिल्या. एक पिसू काचेजवळ आली, थांबली, परत गेली.

“या जिवंत आहेत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि यांचं?” म्हणजे कुणाचं ते मला कळलं. “यांना चहा दिला असता तर?”

मी रोज दोन पेले शेजारी ठेवून बघते, एकात एक गोष्ट घातलेली, दुसऱ्यात न घातलेली, आणि मग ठामपणे सांगते काय कशानं झालं. यजमानांचा दुसरा पेला कुठून आणायचा? खोटा धीर द्यायला तोंडात शब्द आले होते. मी ते गिळले.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “ते कुणालाच कळणार नाही.”

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांनाही देता आलं असतं. पदरानं डोळे पुसले. मग एकदम नेहमीच्या आवाजात विचारलं, “तुमच्या त्या बाईंना सांगितलं, तर माझी नोकरी जाईल ना?”

“जाईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मेण तलावात जाईल.”

“तलावात यांना खायला कोण नको म्हणणार?” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि उठल्या. मी बरोबर येते म्हटलं, तर हातानं थांबवलं. पण बाईंच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, आणि मी काही बाजूला झाले नाही.

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. वन्सं उभ्याच राहिल्या. सुटीच्या दिवशी, दुपारी, बाहेरच्या बरण्यांचं झाल्यावर, त्याच हिरव्या पाण्यातलं, त्याच ड्रॉपरनं, असं सगळं सांगत गेल्या. बाई लिहून घेत होत्या.

“प्रत्येक पेल्यात किती?”

“दोन थेंब.”

“सगळ्यांत दोनच? आठवून सांगा. एखाद्या पेल्यात तीन, एखाद्यात एक, असं झालं असेल. माणूस आहे, हात चुकतो. तसं असेल तर या सगळ्याचा काही उपयोग नाही.”

“हात चुकत असेल, बाई,” वन्सं म्हणाल्या, “पण वाढताना नाही. पंक्तिप्रपंच माझ्या हातून आजवर झालेला नाही. चाळीस माणसांना वाढलंय मी एका वेळी, एकाच्या ताटात जास्त आणि एकाच्या ताटात कमी असं कधी पडलं नाही. पिसवा असल्या म्हणून काय झालं?”

बाईंचं पेन थांबलं. फूटपट्टी हसते असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मग पुन्हा घट्ट झालं. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. वन्संनी सही केली, जपून, एकेक अक्षर काढून.

“तुम्हाला ठेवून घेता येणार नाही मला,” बाई म्हणाल्या. “नियम आहे.”

“असू दे. पाटी असतेच कुठं ना कुठं.”

त्या बाहेर आल्या. ॲप्रन काढला, घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवला. मग बरण्यांपाशी जाऊन रोजच्यासारखं हिरवं पाणी घातलं, एकेका बरणीत, सारखं. मी बघत राहिले आणि मला फार वाईट वाटलं. राग नियमावर काढावा, तर नियम चुकीचा नव्हता. बाईंवर काढावा, तर बाई खोटं वागल्या नव्हत्या. आणि वन्संवर रागावण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

घरी येताना त्या म्हणाल्या, “जरा मागच्या गल्लीतून जाऊ.” खोलीच्या दारापाशी त्या थांबल्या नाहीत. खाली घरमालकिणीच्या दारावर टकटक केली, चष्म्याचं घर उघडलं आणि किल्ली दिली. “पडदे नाही शिवायचे,” एवढंच म्हणाल्या.

कारखान्यानं बरीच कुरकुर केली. त्यांच्या माणसानं आभार मागे घेतले आणि आवाजही चढवला. पण बाईंनी लिहिलेल्या कागदात कुठं बोट शिरत नव्हतं. किती थेंब, कशानं, केव्हा, आणि सगळ्यांना सारखे. शेवटी मोठ्या प्रयोगाची परवानगी आली. या प्रयोगात पिसवांना रोज खाणं घालतात आणि त्या किती दिवस जगतात, किती पिल्लं देतात, ते बघतात.

परवानगी आली त्या संध्याकाळी मी घरी आले तर वन्संनी ताटं मांडली होती. आमची दोघांची. आपलं ताट त्या मागून घेतात, ओट्याशी उभ्यानं. मी सांगितलं, मोठा प्रयोग होतोय.

“रोज जेवायला घालणार त्यांना?”

“रोज.”

“कोण घालणार?”

“मीच.”

“हात जपून ठेव मग. तुझा सढळ आहे, एकाला ओतशील आणि एकाला विसरशील.” त्यांनी भाजीचं भांडं गॅसवरून उतरवलं. पाठ माझ्याकडेच होती. “आणि मरतील त्या?”

खोटं सांगून काय उपयोग होता? “मेण असलेल्या बहुतेक मरतील.”

त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

“निदान उपाशी नाही मरणार,” त्या म्हणाल्या.

मी उठले. मांडणीवरून तिसरं ताट घेतलं, माझ्याशेजारी मांडलं, आणि तिघांनाही वाढलं. माझा हात सढळ आहे हे खरं. त्यांच्या ताटात जास्त पडलं. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवायला बसल्या.